दुधासारखं औषध

माझ्यासारख्या शिकाऊ मुलाने कुणाबद्दल लिहावं की नाही, मला कळत नाही. आगाऊपणा वाटला तर माफ करा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. धुळ्याच्या एका दवाखान्यात भूल देण्याचं काम शिकत होतो, तेव्हा खेड्यावरचे एक आबा पायाच्या ऑपरेशनला आले. साखरेच्या आजाराने त्यांचं बोट काळं पडलं होतं. टेबलावर आडवं होण्याआधी त्यांनी टोपीची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

सिरिंजमधलं प्रोपोफॉल, म्हणजे भुलीचं पांढरं औषध, पाहून ते म्हणाले, “भाऊ, खरं सांग. हाई दूधनं इंजेक्शन दुखी का?”

“नाही आबा. लगेच झोप लागेल.”

बारीक शिरेत हे औषध जळजळतं, हे मी आदल्याच आठवड्यात वाचलं होतं. पण ते घाबरतील असं वाटलं. डॉक्टरांनी औषध सोडताच आबांनी हात आखडला आणि माझ्याकडे पाहिलं. “तू तं म्हने दुखनार नही,” एवढं बोलून ते झोपले.

जागे झाल्यावर त्यांनी फक्त टोपी मागितली. मला माफी मागायची होती, पण धीर झाला नाही.

काही महिन्यांनी त्यांचा मुलगा कागद न्यायला आला. जखम पुन्हा चिघळली होती, तरी आबा दुसऱ्या ऑपरेशनला तयार झाले नव्हते.

“म्हणायचे, साध्या सुईसाठी ते पोरगं खोटं बोललं, मग पुन्हा जागं करतील हे कसं खरं मानू?” मुलगा म्हणाला. “मागच्या आठवड्यात गेले.”