पास्कलच्या नावाची मिस्सा

ऐंशीच्या दशकात आमची पलटण उत्तरेकडच्या एका उंच, बर्फाळ चौकीवर होती. मी हवालदार, मुलुंडचा. माझ्या सेक्शनमध्ये मुंबईचे आणखी दोघे होते. लान्स नाईक पास्कल अंधेरीचा, मरोळ गावठाणातला ईस्ट इंडियन ख्रिश्चन. शिपाई गायकवाड गोवंडीचा, बौद्ध. तिथल्या हवेत माणूस चिडका होतो. ओल्या मोज्यांवरूनही जुंपायची. पास्कलची कुणाशी जुंपली नाही. साधू वगैरे नव्हता तो. पत्त्यांत सर्रास लबाडी करायचा.

संध्याकाळी स्टोव्हजवळ गुडघे टेकून तो जपमाळेवर रोझरीची प्रार्थना म्हणायचा. त्यांच्या घरी प्रार्थना संपली की धाकट्यांनी थोरांचा आशीर्वाद घ्यायचा, अशी रीत. त्याला 'बेसांव' म्हणतात. चौकीत थोर मी. पहिल्याच संध्याकाळी तो हात जोडून समोर उभा राहिला.

"साब, बेसांव द्या."

"मी हिंदू आहे रे."

"मोठे आहात ना? बस झालं."

मी डोक्यावर हात ठेवला. पुढे मलाच सवय लागली. दिवसभर शिव्या घालणाऱ्या माणसाला संध्याकाळी कुणाचं तरी भलं चिंतावं लागे, आणि झोप बरी लागे. देवाधर्मातलं मला फारसं कळत नाही, पण त्या बंकरमध्ये शांतता त्यानं आणली.

एका सकाळी गायकवाडला श्वास घेता येईना. छातीत पाणी झालं होतं. आजच खाली नेला नाही तर हा राहत नाही, असं नर्सिंग असिस्टंटनं सांगितलं. हेलिकॉप्टर मागवणार कसं? वायरलेस सेट बंद पडलेला आणि टेलिफोनची लाइन बर्फानं तुटलेली. पास्कल सिग्नलचं काम शिकलेला होता.

"लाइन मी बघतो, साब."

"उतारावरचा बर्फ कच्चा आहे."

"माहीत आहे. पण गायकवाडला तेवढा वेळ नाही."

निघताना त्यानं डोकं पुढे केलं. मी हात ठेवला. त्याच्या कमरेला बांधलेला दोर अर्ध्या वाटेपर्यंतच पुरला. त्यानं तो सोडला आणि पुढे गेला. बऱ्याच वेळानं टेलिफोन वाजला.

"पोस्ट, लाइन टेस्ट. ऐकू येतंय?"

"साफ येतंय. परत ये."

"आधी हेलिकॉप्टर मागवा, साब."

मी कंपनीला निरोप दिला. रिसीव्हर खाली ठेवतोय तोच वरचा बर्फ सुटला.

दुपारी हेलिकॉप्टर गायकवाडला घेऊन गेलं. आम्ही पास्कलला शोधत राहिलो. सापडला तेव्हा पक्कड हातातच होती.

रजा मिळाल्यावर मी मरोळला गेलो. त्याच्या आईसमोर, मार्था मावशीसमोर, जायची मला धास्ती वाटत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. पदरात तोंड घालून पुष्कळ रडली. मग डोळे पुसून विचारलं,

"ज्याच्यासाठी गेला, तो पोरगा वाचला ना?"

"वाचला, मावशी. गोवंडीला घरी आहे."

"रविवारी चर्चमध्ये पास्कलच्या नावाची मिस्सा आहे. त्याला घेऊन या."

गायकवाड यायला तयार नव्हता. "माझ्यापायी गेला तो, साब. कुठल्या तोंडानं जाऊ?" मी अक्षरशः ओढून नेला. चर्चमध्ये तो दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसला. मिस्सा, म्हणजे त्यांची चर्चमधली उपासना, कुणासाठी आहे, ते फादर सुरुवातीला वाचून दाखवतात. त्यांनी वाचलं, "पास्कलच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून. आणि गायकवाडचा जीव वाचला म्हणून देवाचे आभार. दोन्ही मार्थाबाईंकडून."

गायकवाडनं माझी बाही घट्ट धरली. मावशी पुढच्या बाकावरून उठली, सगळ्यांदेखत मागे आली, त्याचा हात धरून त्याला पुढे घेऊन गेली आणि तिनं त्याला आपल्या शेजारी बसवलं. मी पलटणीत पुष्कळ शूर माणसं पाहिली. या बाईला मी त्यांच्यात धरतो.

आता मावशीही नाही. मी आणि गायकवाड अजून दर वर्षी त्या मिस्सेला जातो. पास्कलचं नाव वाचलं की उठून सावधानमध्ये उभे राहतो. चर्चमध्ये त्या वेळी कुणी उभं राहत नाही. आम्हाला आजवर कुणी बसा म्हटलेलं नाही.