तीन पानांचा कोपरा

भाषण संपतं, टाळ्या वाजतात, "कोणाला काही प्रश्न?" असं विचारलं जातं, आणि मग खोलीत जी शांतता पसरते तिची गणिताच्या प्राध्यापक बाईंनी जन्मभर धास्ती घेतली होती. गणित विभागाच्या सेमिनारमध्ये ही शांतता ठरलेलीच. दर गुरुवारी दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत कोणीतरी तासभर फळ्यावर आपलं नवं काम मांडायचं, आणि ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचा धागा सुरुवातीलाच कुठेतरी सुटलेला असायचा. शुद्ध गणितात हे असंच चालतं. आपल्या शेजारच्या खोलीत बसणारा माणूस नेमकं काय करतो, हे तिथे कोणाला धड सांगता येत नाही. पण ते तोंडाने कबूल कोण करणार? माना डोलत राहायच्या आणि प्रश्नांची वेळ आली की प्रत्येकाला आपल्या पिशवीत काहीतरी शोधायचं असायचं.

सेमिनारचं काम बाईंकडे आलं ते तात्पुरतं म्हणून. आधी ते बघणारे सर निवृत्त झाले, दुसरं कोणी पुढे होईना आणि नाही म्हणणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. तेव्हापासून ते त्यांच्या गळ्यात पडलं ते पडलंच. वक्ता ठरवायचा, त्याच्याकडून गोषवारा मागवून सगळ्यांना पाठवायचा, खोली उघडी आहे ना, खडू आहेत ना, पाणी ठेवलंय ना, हे बघायचं. बाईंना या सगळ्याची काळजी बुधवारपासून लागायची. त्यातही मोठी काळजी त्या शांततेची. एखाद्याने वर्षभर राबून काही आणावं आणि त्याला कोणी एका शब्दाने विचारू नये, हे त्यांना बघवत नसे. म्हणून प्रत्येक भाषणाआधी त्या एक सौम्यसा प्रश्न तयार ठेवत. "हेच वरच्या मितीत चालेल का?" असा काहीतरी. वक्त्याला चार वाक्यं बोलता यावीत, एवढ्यापुरता. विद्यार्थी त्यांना मागे 'पहिला प्रश्न' म्हणत. बाईंना ते माहीत होतं, आणि मनातून त्यांना ते आवडतही होतं.

त्या आठवड्याचा वक्ता घरचाच होता. विभागात तीन वर्षं करारावर शिकवणारा तरुण. जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढायचा, बोलतानाही वाक्याचं शेपूट गिळून पुढच्या वाक्यावर उडी मारायचा, म्हणून सगळे त्याला एक्स्प्रेस म्हणत. पुढच्या सोमवारी कायम जागेसाठी त्याची मुलाखत होती. मुलाखतीच्या समितीत विभागप्रमुख होते आणि ते गुरुवारी मुद्दाम ऐकायला येणार होते. ही जागा हुकली तर पुन्हा दुसरं गाव आणि दुसरा करार. त्याच्या लहान मुलीच्या आतापर्यंत दोन शाळा बदलून झाल्या होत्या.

भाषणाच्या आठवड्यात सोमवारी त्याचा गोषवारा आला. बाईंनी तो उभ्या उभ्याच वाचायला घेतला आणि चौथ्या ओळीला त्या खुर्चीत बसल्या. एक्स्प्रेसने जे सिद्ध केलं म्हणून लिहिलं होतं, त्यावर बाईंनी स्वतः दोन वर्षं घालवली होती. विभागात कोणालाही न सांगता. आणि एका जागी अडकून ते सोडूनही दिलं होतं.

कुठे अडकल्या ते त्यांनी तेव्हा फक्त ताईला सांगितलं होतं. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, मोठ्या इस्पितळातली परिचारिका. दोघी एकाच घरात राहायच्या, आणि पन्नाशी उलटलेल्या बाई ताईसाठी अजून चिमूच होत्या. समज, बाई तिला म्हणाल्या होत्या, एका मोठ्या प्रदेशाचा नकाशा करायचाय. एका कागदावर मावत नाही, म्हणून त्याची पानं पाडली. प्रत्येक पान आपापल्यापुरतं बिनचूक. शेजारची दोन पानं घेतली तर जरा सरकवून, जरा फिरवून त्यांचे रस्तेही जुळतात. पण जिथे तीन पानं एका कोपऱ्यात येतात तिथे घोळ. पहिलं दुसऱ्याशी जुळवलं, दुसरं तिसऱ्याशी जुळवलं आणि तिसरं पहिल्याला लावायला गेलं की रस्ता बोटभर बाजूला. ताईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि असल्या रस्त्याने कोण जाणार आहे, असं विचारून ती ड्यूटीवर निघून गेली होती.

एक्स्प्रेसच्या गोषवाऱ्यात पानं होती, जुळवाजुळव होती. त्या कोपऱ्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

त्याला तो कोपरा दिसलाच नसेल का? की तो इतका सहज सुटत असेल, की लिहायचीही गरज वाटली नसेल? यातल्या कुठल्या शक्यतेची जास्त भीती वाटते, हे बाईंचं त्यांनाही कळेना.

मंगळवारी त्या त्याच्या खोलीपर्यंत गेल्या. तो उत्तरपत्रिका तपासत होता. त्यांना बघून उठून उभा राहिला, या मॅडम, बसा मॅडम. बाई बसल्या नाहीत. भाषणाला रंगीत खडू लागतील का, असं त्यांनी विचारलं. लागतील, तो खुशीत म्हणाला, तीन रंग मिळाले तर फार छान. बाई बरं म्हणाल्या आणि परत फिरल्या. बुधवारी पुन्हा गेल्या तर दार लोटलेलं होतं आणि आतून त्याचा आवाज येत होता. भाषणाची तालीम चालली होती. मध्येच एक बारीक आवाज "आता टाळ्या?" असं विचारत होता आणि तो "अजून नाही गं" म्हणत होता. मुलीला शाळेतून आणून समोर बसवलं असावं. बाईंचा दारावर टकटक करायला उचललेला हात खाली आला.

त्या संध्याकाळी ताई भाजी चिरत होती आणि बाई तिच्या शेजारी उभ्या राहून तीच ती धुतलेली थाळी पुसत होत्या. ताईने काय झालंय ते काढून घेतलंच. ऐकून म्हणाली, की तुमच्याकडे चूक निघाली तर कोणी मरत नाही, आमच्याकडे येऊन बघ एकदा. मग सुरी बाजूला ठेवून तिने सरळ विचारलं.

"तो चुकलाय, असं वाटतं तुला?"

"वाटतं. खात्री नाही."

"मग विचार त्याला."

"त्याला वाटेल, मी जळते त्याच्यावर."

"जळतेस?"

बाई थाळी पुसायच्या थांबल्या. "थोडी," त्या म्हणाल्या.

"मग थोडं जळत जळत विचार," ताई म्हणाली आणि तिने पुन्हा सुरी उचलली.

गुरुवारी खोली भरलेली होती. विभागप्रमुख दुसऱ्या रांगेत डोळे अर्धवट मिटून बसले होते. ते झोपले आहेत की ऐकताहेत, हे आजवर कोणाला सांगता आलं नव्हतं. एक्स्प्रेस उत्तम बोलला. नेहमीपेक्षा सावकाश, वाक्यं पुरी करत, तिन्ही रंग वापरत. एका रंगात एक पान, दुसऱ्या रंगात दुसरं. बाईंना त्याचं कौतुक वाटत होतं. तो कोपऱ्याकडे येत होता. आला. "आणि आता हे सगळे तुकडे नेहमीच्या पद्धतीने जोडले, की झालं," असं म्हणून त्याने हात झटकले.

टाळ्या वाजल्या. बाई उठल्या आणि प्रश्न आहेत का, असं त्यांनी विचारलं. शांतता. दोघातिघांनी पिशव्या चाचपल्या. विभागप्रमुखांनी पेन खिशाला लावलं आणि उठायच्या बेताने खुर्चीच्या हातावर हात ठेवले. मग सवयीने सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. वरच्या मितीचा प्रश्न त्यांच्या जिभेवर अगदी तयार होता. तो विचारला असता तर पाच मिनिटांत सगळे चहाला गेले असते.

"मला जरा मदत करा," बाई म्हणाल्या. मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं. "मी दोन वर्षं हेच करत होते. मला जमलं नाही. तीन तुकडे एकत्र येतात त्या कोपऱ्यात अडकले मी. तुम्ही तिथून कसे सुटलात?"

खोलीत कुजबुज झाली. बाई या विषयात काही करत होत्या, हेच कोणाला माहीत नव्हतं, आणि न जमलेली गोष्ट या खोलीत उभं राहून कोणी सांगितल्याचं कोणाला आठवत नव्हतं. विभागप्रमुखांनी खुर्चीवरचे हात काढून घेतले.

एक्स्प्रेस हसला. सोपं आहे मॅडम, दाखवतो, म्हणून फळ्याकडे वळला. त्याने पहिल्या पानावरून दुसऱ्यावर जाणारा बाण काढला, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, आणि तिसऱ्यावरून पुन्हा पहिल्यावर. मग कुठलं पान किती सरकवायचं, किती फिरवायचं ते त्या त्या बाणावर लिहू लागला. दोन लिहिले. तिसऱ्याशी खडू थांबला. त्याने तळव्याने पुसलं आणि पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं. त्याची पाठ सगळ्यांकडे होती आणि मानेमागची कातडी हळूहळू लाल होत चाललेली बाईंना दिसत होती. आपणच त्याला तिथे उभं केलंय, हे त्यांच्या मनातून जाईना.

शेवटी तो वळला. "हे मी धरून चाललो होतो," तो म्हणाला. "सिद्ध केलेलं नाही."

विभागप्रमुख बोलले ते नेहमीच्याच कोरड्या सुरात. कोपऱ्यापर्यंतचं सगळं चांगलं आहे, नवं आहे, पण याला अजून प्रमेय म्हणता यायचं नाही. मग ते उठले आणि त्यांच्यामागे सगळे उठले. चहाच्या टेबलाशी लोक हवापाण्यावर बोलत होते. एक्स्प्रेस तिकडे फिरकला नाही.

तो तासाभराने बाईंच्या खोलीत आला. बसला नाही.

"तुम्हाला सोमवारपासून माहीत होतं," तो म्हणाला.

"शंका होती."

"खडू विचारायला आला होतात, तेव्हा?"

"हो."

तेव्हा एका शब्दाने बोलला असतात, तर मी कोपऱ्यापर्यंतचंच मांडलं असतं, असं तो म्हणाला. कोणाला काही कळलंही नसतं. आता अर्जात 'सिद्ध केले' असं लिहिलंय, आणि ज्यांनी तो वाचायचा तेच दुसऱ्या रांगेत बसलेले. हे तो ओरडून बोलला असता तर बाईंना सोसलं असतं. तो हळू बोलत होता.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "भीती वाटली."

"मला वाईट वाटेल म्हणून?"

हो म्हणणं सोपं होतं. बाईंनी टेबलावरची टाचणी उचलली आणि परत ठेवली. "नाही. तुम्ही मला तिथल्या तिथे उत्तर द्याल म्हणून. माझी दोन वर्षं ज्यात गेली ते तुम्ही दारात उभ्या उभ्या सोडवाल, याची."

तो दाराकडे वळला. मग येतो म्हणाला आणि गेला. जिन्यावर त्याची पावलं एकेका पायरीवर वाजत गेली.

सोमवारी मुलाखतीच्या वेळेला बाईंचा पहिल्या वर्षाचा तास होता. त्यांनी फळ्यावर अधिकच्या जागी उणे लिहिलं, वर्गाने ते एका सुरात दाखवून दिलं, त्यांनी दुरुस्त केलं आणि पुढच्याच ओळीत पुन्हा तेच केलं. तास संपल्यावर त्या कार्यालयात दोनदा जाऊन आल्या. दोन्ही वेळा त्यांना तिथे काही काम नव्हतं.

एक्स्प्रेस संध्याकाळी आला. या वेळी बसला. मुलाखतीला आत गेल्या गेल्या त्याने स्वतःहून सांगून टाकलं होतं, की अर्जातलं एक वाक्य खरं नाही आणि ते काढून टाकावं. समितीतल्या एका बाहेरच्या माणसाने तो कोपरा समजावून घेतला, म्हणे, आणि त्यातच निम्मी मुलाखत संपली. निकाल राखून ठेवलाय. म्हणजे काय, ते कोणालाच माहीत नव्हतं. कदाचित महिन्याभरात कळेल, कदाचित जागेची पुन्हा जाहिरात निघेल. बायकोने मुलीच्या शाळेत अजून काही कळवू नको म्हणून सांगितलंय, असं तो म्हणाला.

चहा घेता का, असं बाईंनी विचारलं. तो नको म्हणाला. मग त्याने विचारलं, "तुमचं ते काम बघायला मिळेल?"

बाईंनी खालच्या खणातून सुटे कागद काढून त्याच्यापुढे ठेवले. गुरुवारी सगळ्यांसमोर उभं राहताना वाटली नसेल एवढी लाज त्यांना वाटत होती. खाडाखोड, समासात स्वतःलाच घातलेल्या शिव्या, सगळं तसंच होतं. तो वाचू लागला. झपाट्याने नाही. त्या खुर्चीच्या काठावर बसून त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. तो कोपऱ्याच्या जवळ येत चालला. याला इथे वाट सापडावी, की यानेही इथे अडकावं? यातलं आपल्याला काय हवंय?

तो थांबला. एक पान मागे गेला आणि पुन्हा पुढे आला.

"राग आहे माझा अजून, मॅडम," तो वर न बघता म्हणाला.

"असू दे."

"पण हा तिसरा बाण तुम्ही उलटा का धरलात?"

बाईंनी खुर्ची ओढली आणि कागद दोघांना दिसेल असा फिरवला. का धरला होता, ते त्यांना आठवत नव्हतं.