कोंडू लोहाराची चूक

पांडू रेल्वेच्या गँगमधून निवृत्त झाला, त्याला सहा वर्षं झाली. कसाऱ्याच्या घाटात रुळांकडेची झुडपं तोडण्यात त्याची अर्धी नोकरी गेली. म्हणून असेल, घरी बसल्यावर त्याला कोयत्यांचा नाद लागला. तोडायचा नव्हे, जमवायचा. आठवड्यातून एक फेरी शहापूरच्या भंगारवाल्याकडे, एक मुरबाडच्या बाजारात, आणि पौषात म्हशाची जत्रा कधी चुकवायची नाही. पडवीच्या भिंतीवर एक्केचाळीस कोयते टांगलेले. सगळे जुने, ट्रकच्या पाट्यापासून गावोगावच्या लोहारांनी घडवलेले. रविवारी एकेक खाली उतरवायचा, करंजाच्या तेलाचं बोट फिरवायचं आणि परत जागच्या जागी.

बायको भागी मात्र दुकानातला, लाल प्लॅस्टिकच्या मुठीचा कोयता वापरी. नारळ, फणस, सरपण, सगळं त्याच्यावरच.

"तो चार महिन्यांत मुठीतून हलंल," पांडू म्हणे.

"हलंल तवा दुसरा आणीन. तुमचे तर भिंतीवरूनबी हलत नायत."

भिंतीच्या मधोमध होता कोंडू लोहाराचा कोयता. कोंडू जाऊन वीस वर्षं झाली, पण मुरबाडकडची माणसं अजून त्याने पात्याला दिलेल्या पाण्याचं नाव काढत. पात्यावर मुठीजवळ तीन ठिपके, ही त्याची खूण. पांडूला हा गेल्या दिवाळीआधी भंगाराच्या ढिगात मिळाला, आणि घरी आणून धारेवर अंगठा फिरवताच त्याच्या लक्षात आलं की धार उलटी आहे. जुन्या कोयत्याची एक बाजू सपाट असते, दुसरी उतरती घासलेली. याचा उतार भलत्याच बाजूला. पांडूने निकाल दिला : म्हातारपणी कोंडूची नजर गेली आणि हात चुकला. आल्यागेल्याला तो हेच सांगे. "असा कारागीर, आणि आख्ख्या जन्मात एक चूक. ती माझ्याकडं हाय."

माघात एके सकाळी पारूबाई आली. डोंगराकडच्या पाड्यावरची, साठीच्या आसपासची. गुडघ्याला फडकं बांधलेलं. नवरा झाडावर चढला की त्याला चक्कर यायची, म्हणून राबासाठी, भाताची रोपं करायची जमीन भाजायला, ऐनाच्या झाडांचा कवळ, म्हणजे पानांसकट फांद्या, तोडायचं काम लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिने घेतलं होतं. आधी गाव हसला, मग विसरला.

"पांडूदादा, माझा कोयता तुमच्याकडं हाय म्हनत्यात. तीन ठिपक्यांचा."

"तुमचा कसा? मी भंगारातून घेतला."

"सारिकानं दिला ना! माझी सून. घर साफ करताना गंजका दिसला, भंगारवाल्याला देऊन लसूण घेतली. त्या लसणीची चटणी मीच खाल्ली, मला काय ठावं?" ती पडवीत टेकली. "नवा आणून दिलान तिनं. तो फांदीत रुततो, निघंना. वढाया गेले तर आला गुडघ्यावर. राब भाजायला कवळ सुकाया पायजे, दादा. आता नाय तोडला तर रोपं कशावर करायची?"

पांडूने भिंतीवरून दुसरे दोन काढले. "हे घ्या. त्याच्याहून बरे. हा किन्हवलीचा, हा धसईचा. ठेवा तुमच्याकडं. तो नका मागू, तो चुकलेला हाय."

पारूबाईने किन्हवलीचा उचलला, अंगणातल्या शेवग्याच्या पडलेल्या फांदीवर घातला. कोयता सालीवरून घसरून मातीत गेला. धसईचाही तसाच.

"असं कसं?" पांडू म्हणाला. मग त्याने पाहिलं, की तिने दोन्ही डाव्या हाताने चालवले होते.

"डावरी हाय मी. कोंडूकाकानं आधी माझ्याकडून काठी तोडून घेतली, बघितलं, मग घडवला. चुकला कोण म्हनतो?"

आत भागीचं भांडी घासणं थांबलं. आता तर तो कोयता पांडूला आणखीच सोडवेना. चुकीचा म्हणून जपला होता, त्याहून हे मोठं होतं.

"मी येतो कवळ तोडाया," तो शेवटी म्हणाला. "दोन दिवस, चार दिवस. पन कोयता इथं ऱ्हाऊ दे."

"तुमी?" पारूबाईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "या. बघू."

दुसऱ्या दिवशी तो गेला, कमरेच्या लाकडी आकडीत दोन कोयते अडकवून : एक धसईचा, एक कोंडूचा. दुसरा का घेतला, ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. ऐनावर चढला तो बरा चढला. पहिली फांदी वरूनच घाव घालून तोडली, ती खाली पडताना खोडाची हातभर साल सोलून घेऊन गेली. दुसरीचंही तेच.

"अवो रेल्वे!" खालून पारूबाई ओरडली. "रुळाकडंची झुडपं नायत ती! पुढल्या साली याच झाडाला पाला याया पायजे. उतरा!"

"जरा हात बसू द्या."

"तुमचा हात बसंपर्यंत माझं झाड बसंल. उतरा म्हनते ना!"

तो उतरला. तळहाताला दोन फोड आले होते. सोललेल्या खोडावर हात फिरवत पारूबाई उभी होती, आणि त्याच्याकडे बघत नव्हती. पांडूने आकडीतून कोंडूचा कोयता काढला आणि मूठ पुढे करून धरली.

ती दुखरा गुडघा जपत हळूहळू चढली. आधी खालून एक छोटा घाव, मग वरून एक तिरपा. फांदी सुटून पडली, साल जागेवर. डाव्या हातातला कोयता घसरत नव्हता की रुतत नव्हता. प्रत्येक घावाला ती फक्त मनगट वळवत होती. पांडू मान वर करून बराच वेळ बघत राहिला.

"बघता काय? भारे बांधा!"

त्याने भारे बांधले. दिवस कलताना ती उतरली, पातं पानांनी पुसलं आणि कोयता आपल्या आकडीत अडकवला. पांडूने मागितला नाही.

"उद्या दोर जाड आना," ती म्हणाली. "हा तुटतो."

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत तो जाड दोर घेऊन पाड्यावर हजर होता.