दाराच्या जागी भिंत

बांधकामावर बायका म्हणजे घमेली उचलायला, असं सगळ्यांनाच वाटतं. आमच्या बाबांना कधी वाटलं नाही. शाळेत मी नापास झाले तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं, मला जोडीदार हवाच होता." त्यांनी मला गवंडी केलं, आणि तेव्हापासून आम्ही बाप-लेक जोडीनंच काम करतो. आता माझे केस पिकायला लागलेत, बाबांचे संपलेत. त्यांची भिंत सूतभरही कलत नाही म्हणून लोक त्यांना ओळंबा म्हणतात. तोंडाने मात्र जन्माचे वाकडे. मीही त्यांच्यावरच गेलेय.

त्या दिवशी एका घरात न्हाणीघराची भिंत चालली होती. दारापुरती जागा सोडून बाकीची भिंत वरपर्यंत गेली होती. लाकडी चौकट बाहेर टेकवून ठेवलेली. "ती एकट्याने उचलू नका," असं बाबांना बजावून मी पाईप आणायला गेले. दुकानदाराने भलतेच पाईप काढले, मी भांडले, परत यायला दुपार कलली.

जिना चढून आत आले आणि थबकले. दाराची जागा बुजली होती. तिथे नवी कोरी भिंत, आणि भिंतीवरून नुसती बाबांची टोपी दिसत होती.

मला हसूच फुटलं. बाबांची चेष्टा कुठल्या थराला जाईल, नेम नाही. "अहो ओळंबा, पुरे झाली थट्टा! बाहेर कसे येणार, उडून?"

"थट्टा कसली?" आतून आवाज आला. "सांधे बघ. आहे कुठे खोट?"

"बाबा, दार कुठाय?"

टोपी डावीकडे वळली, उजवीकडे वळली. "दार..." ते म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. जन्मभर लोकांच्या घरांना दारं ठेवणाऱ्या माणसाने स्वतःला चिणून घेतलं होतं, आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

विटांमधला सिमेंटचा माल ओलाच होता. मी हातांनीच विटा काढू लागले. बाबांची भिंत मी आजवर कधी मोडली नव्हती.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. "अगंबाई! दार कोणी बुजवलं?"

यांना कळलं तर उद्यापासून बाबांना कोणी कामावर उभं करणार नाही, आणि काम सुटलं तर हा माणूस महिनाभरही तग धरायचा नाही.

बाबा भगदाडातून बाहेर आले, कपडे झटकले आणि समजुतीने म्हणाले, "रागावू नका, बाई. पोर कालच कामाला लागलीय. शिकेल हळूहळू."

काय बेरकी म्हातारा, मला वाटलं, खापर माझ्या डोक्यावर फोडून मोकळा! पण खोटं बोलताना बाबा कधी माझ्या डोळ्याला डोळा देत नाहीत. आता ते सरळ माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या लेखी मी खरंच कालची पोर होते.

"चुकलं माझं," मी बाईंना म्हणाले.

बाबांनी थापी माझ्या हातात दिली, आणि माझी बोटं एकेक करून दांड्याभोवती वळवत ती कशी धरायची ते मला दाखवू लागले.