अप्पांचं 'घर'

अप्पांच्या पहिल्या श्राद्धाला गोपाळभटजींनी महामहम तळ्याला नऊ प्रदक्षिणा घातल्या. गाडी मी चालवत होतो.

गाडी अप्पांची. रविवारी ते एकटेच घेऊन जायचे; एरवी चालवायचो मी, वाट सांगायचे ते. त्यामुळे जन्म कुंभकोणमात काढूनही मला पुस्तकांच्या कपाटापलीकडचा एकही रस्ता ठाऊक नाही! त्यात भटजी (आम्ही त्यांना मामा म्हणतो) उतरले होते तिरुविडैमरुदूरपलीकडे, लेकीच्या नव्या घरी. आमच्या गाडीतल्या नकाशात तिथे अजून भाताचं शेत होतं. म्हणून निघताना मी नकाशा अपडेटला लावला.

सोबतची पुस्तिका नंतर वाचली. (वाचायला मी कधी चुकत नाही, वेळ तेवढी चुकते.) 'वीस मिनिटे लागतील. तोवर इंजिन बंद पडल्यास साठवलेली ठिकाणे पुसली जातील.'

ती ठिकाणं अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून एका बोटाने टिपलेली : 'दातांचा डॉक्टर', 'बरा सुतार', 'वाईट सुतार', 'घर'. अप्पांनी कधी चार ओळींचं पत्र लिहिलं नाही. त्यांच्या हातचं माझ्याकडे एवढंच उरलं होतं.

आणि आमची गाडी उभी राहिली की इंजिन बंद पडतं!

नकाशाचा पडदा अडकलेला, म्हणून चालत्या गाडीतून लोकांना वाट विचारत गेलो. कोपऱ्यावर गाडी रांगती ठेवली. भटजी पंचा सावरत धावत आत चढले. दीड तासाने गावात परतलो, तेव्हा अपडेट झालं होतं साठ टक्के.

"दासू, तुमची गल्ली मागे राहिली रे!"

"ठाऊक आहे, मामा. थांबता येत नाही."

"ब्रेक गेले?"

"नाही. थांबलो तर अप्पा जातील."

भटजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "अप्पा गेले रे, बाळ. वर्ष झालं."

मी तळ्याला वळसा घातला. तिसऱ्या फेरीला ते खवळले, "पितृकार्याच्या दिवशी उजवी प्रदक्षिणा? उलट फिरव!"

"वन-वे आहे, मामा!"

पाचव्या फेरीला फुलवालीने हात जोडले. सहाव्या फेरीला तिने खिडकीतून हार आत टाकला. सातव्या फेरीला यात्रेकरूंची एक व्हॅन आमच्या मागे लागली. (हाही इथला विधी असावा, असं त्यांना वाटलं!) तेवढ्यात घरून अक्काचा फोन आला. तो भटजींनी घेतला.

"मामा, वडे गार झाले! कुठे आहात?"

"प्रदक्षिणेत."

"कुठल्या देवाच्या?"

"ते दासूला विचार!"

नवव्या फेरीला शंभर टक्के झाले. सगळी ठिकाणं शाबूत! दोन्ही सुतारसुद्धा! मी ओल्या डोळ्यांनी 'घर'वर बोट ठेवलं.

"अरे, घर त्या समोरच्या गल्लीत आहे!"

"मामा, नकाशा नवा आहे. त्याला जवळची वाट ठाऊक असणार."

पाच मिनिटांनी गाडी थांबली. इंजिन बंद पडलं. समोर कापीचं, म्हणजे कॉफीचं, हॉटेल.

मालक लगबगीने बाहेर आला. "अप्पांची गाडी! वर्षानं आली! तीच ना, दुप्पट साखरेची?"

(डॉक्टरांनी अप्पांची साखर सहा वर्षांपूर्वीच बंद केली होती.)

"श्राद्ध होईस्तो मला घोटभर पाणी चालत नाही," सकाळपासून उपाशी असलेले भटजी तो वास घेत, जवळजवळ रडत म्हणाले, "आणि तू मला इथे आणलंस!" मागे व्हॅनमधून यात्रेकरू भक्तिभावाने उतरत होते.

श्राद्ध वेळेत झालं, जेमतेम. 'घर' मी बदललेलं नाही. दर रविवारी त्यावर बोट ठेवतो आणि अप्पांच्या वाट्याची दुप्पट साखरेची कापी पितो. मग मालक रस्त्यापर्यंत येऊन मला घरी कसं जायचं ते समजावून सांगतो.