जुन्या ट्रकला बॅटरी बसवायला धारला गेलो त्याची गोष्ट

देवासहून माहेरी धारला जायचं तर एरवी मी बसने जाते. या खेपेला ट्रकने गेले. स्टिअरिंगवर मामंजी, खिडकीशी नवरा श्रीपाद आणि मधे मी. मामंजी म्हणजे माझे सासरे. आमच्या घरात सासऱ्यांना अजून हेच म्हणतात.

आमचा घरचा मसाल्यांचा धंदा. मामंजी दर आठवड्याला ट्रक घेऊन कन्नौद, खातेगांव, लोहारदा करतात आणि किराणा दुकानांत माल पोचवतात. डिझेल जड जायला लागलं तसा श्रीपाद म्हणू लागला की हा देऊन टाकू, नवा इलेक्ट्रिक घेऊ. मामंजींचं म्हणणं वेगळं. "इंजिन थकलंय, गाडी नाही थकली. बॅटरी-मोटर बसवून घ्या." रोज जेवताना हाच वाद, आणि आमटी निवायची. धारच्या बाहेर एका वर्कशॉपमध्ये डिझेल ट्रक बॅटरीवर करून देतात, असं माझ्या भावानं कळवलं. मी म्हटलं, डोळ्यांनी बघून तर येऊ.

सकाळी लवकर निघालात तर इंदूरच्या गर्दीत शिरू नका, बायपास धरा. घाटाबिल्लोदच्या आसपास पोहे-जलेबीच्या टपऱ्या लागतात. पोह्यांवर शेव मागावी लागत नाही, न मागता मूठभर पडते. मामंजींनी दुसरी प्लेट घेतली. त्या दिवशी ते भलतेच खुशीत होते. ट्रकच्या दारावर हात ठेवून चहा प्यायले.

वर्कशॉपचे मालक वसीमभाई. त्यांनी ट्रक वर उचलून खालून टॉर्च मारला, चेसिसवर हातोडीनं ठोकून पाहिलं.

"दादाजी, गाड़ी तो आपने बच्चे जैसी रखी है," ते म्हणाले. "चेसिस एकदम तैयार. बैठ जाएगी बैटरी."

मामंजींनी श्रीपादकडे बघितलं. श्रीपाद हसला आणि म्हणाला, "ठीक है बाबा, तुम्ही जिंकलात."

पण वसीमभाई सरळ माणूस. विचारलं, गाडी चालते कुठे? खातेगांवचं नाव ऐकताच त्यांनी नकारार्थी मान हलवली, वाटेत घाट लागतो म्हणून. आमच्यासारखाच एक ट्रक त्यांनी नुकताच बॅटरीवर केला होता. त्यात वजन भरून ते आम्हाला मांडूच्या रस्त्यावर घेऊन गेले. चालवायला मामंजींनाच बसवलं.

मांडू बघायला जाणाऱ्यांनी हा रस्ता जरूर करावा. वळणावर बायका मांडूची इमली, म्हणजे गोरखचिंच, विकत बसलेल्या असतात, नारळाएवढी हिरवी फळं, आत पांढरा आंबट गर. मी एक घेतलं, पण फोडायचं राहूनच गेलं. सपाटीवर ट्रक झकास पळाला. मामंजी दोनदा म्हणाले, "अगं मृणाल, लोण्यासारखा चाललाय!" चढ लागला आणि पडद्यावरचा चार्जचा आकडा भराभर उतरू लागला. वरून गाडी वळवली तेव्हा मामंजींची नजर त्या आकड्यावरून हलत नव्हती.

परत आल्यावर वसीमभाईंनी नीट समजावलं. देवास शहरातल्या फेऱ्यांसाठी जुना ट्रक उत्तम, आरटीओत कागदावर इंधन बदलून घेतलं की काम झालं. पण चापड्याच्या पुढचा घाट चढून खातेगांवला जायचं आणि त्याच दिवशी परतायचं, तर ते जमायचं नाही. त्यांची बॅटरी सावकाश चार्ज होते, रात्रभर लागते. नव्या ट्रकला मात्र कन्नौदच्या ढाब्यावरच्या फास्ट चार्जरवर जेवण होईतो पुरेसा चार्ज मिळतो. "भिया, मेरा नुकसान है," ते श्रीपादला म्हणाले, "पर झूठ बोल के नी बेचूँगा. हो सके तो इसको शहर के लिए रख लो, बाहर के लिए नया ले लो."

संध्याकाळी माहेरी आईनं दाल-पानिये केले होते. पळसाच्या पानांत गुंडाळून गोवरीवर भाजलेले मक्याचे पानिये आमच्या धारकडे आलात तर खाल्ल्याशिवाय जाऊ नका. मामंजींनी अर्धाच खाल्ला. मग ताट बाजूला सारून म्हणाले, "खातेगांव सोडायचं नाही. माणसं तुटतील. नवा घ्या."

"आणि हा?" मी विचारलं.

"दोन कुठे उभे करणार? देऊन टाका बदल्यात."

कुणीच त्यांना अडवलं नाही. श्रीपादला हवं तेच झालं होतं, तरी तो खाली मान घालून जेवत राहिला.

जुना शोरूमला देऊन नवा ट्रक आला, त्याची पूजा झाली. पहिल्या फेरीला मी मामंजींसोबत गेले. नव्या ट्रकला क्लच नाही, तरी त्यांचा डावा पाय सारखा हलायचा. घाट आरामात चढला, कन्नौदला चार्जिंग झालं. तक्रारीला जागाच नव्हती. खातेगांवात पहिल्या दुकानासमोर त्यांनी ट्रक उभा केला आणि ते नुसते बसून राहिले.

"उतरायचं ना?" मी म्हटलं.

"येईल की तो बाहेर."

मग माझ्या ध्यानात आलं. इतकी वर्षं ट्रकचा आवाज ऐकून दुकानदार स्वतःच बाहेर यायचा, हाक मारायचा, चहा सांगायचा. आता बाहेर काही आलंय हे आत कळलंच नव्हतं. शेवटी मामंजी उतरून पायऱ्या चढले.

"अरे दादाजी! कब आए? पता ही नी चला."

तो प्रेमानंच म्हणाला, चहाही आला. पुढच्या दुकानी तेच, लोहारद्यातही तेच. परतताना मामंजी म्हणाले, "पुढल्या आठवड्यापासून श्रीपादला जाऊ दे. मी शहरातलं बघतो."

पण शहरातलं बघायला गाडी कुठे होती? दोनेक महिन्यांनी वसीमभाईंचा सहज फोन आला, दादाजींची गाडी कशी आहे म्हणून. मी बोलून फोन ठेवला तर मामंजी दारात उभे होते. "विचारून बघ ना त्या शोरूमवाल्यांना," ते म्हणाले. "अजून तिथेच असेल तर परत घेऊ. बॅटरी बसवू. गावातल्या गावात चालवेन मी."

मी लगेच फोन लावला. तिकडच्या माणसानं शोधून सांगितलं, गाडी भंगारात गेली.

तुम्ही अशाच विचारात असाल तर माझं ऐका. गाडी कुठे कुठे जाते ते आधी बघा, आणि चेसिस चांगली असेल तर जुनी घाईनं देऊ नका. दोन्ही ठेवता येतात. आमच्या मागच्या अंगणात जागा होती. ती जागा आम्हाला गाडी गेल्यावर दिसली. डिझेलचा खर्च वाचतोय, श्रीपाद वेळेत घरी येतो, सगळं खरं. तरी मला धारच्या त्या जेवणाच्या ताटाशी पुन्हा जाऊन बसावंसं आणि 'मागे जागा आहे' म्हणावंसं वाटतं.

त्या दिवशी शोरूमचा फोन ठेवून मी मामंजींना सांगितलं.

"कापली?" त्यांनी विचारलं. "इंजिन की अख्खी?"

"अख्खी."

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "श्रीपाद आला की ट्रक चार्जिंगला लावायची आठवण कर. उद्या खातेगांव आहे." आणि आत जाऊन पडून राहिले.