धाकट्या जावेची लाज

आमच्याकडे तेव्हा हाटेल म्हणजे भजी. राळेगावच्या बाजारात कढई मांडून बसलेला माणूस, पुढं दोन बाकडी आणि वर टिनाचं छप्पर, त्याला आम्ही हाटेल म्हणत होतो. तिथं कोणी रात्रभर झोपतं असं सांगितलं असतं तर आम्ही त्या माणसाला वेड्यात काढलं असतं. म्हणून धाकटी जाऊ नागपूरहून आली आणि म्हणाली की आम्ही लाजेत उतरलो होतो, तेव्हा सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

"कशात उतरली?"

"लाजेत. लाज म्हन्तात तिथं, आत्याबाई. पाव्हन्यायची उतराची जागा. भाडं देऊन राहाचं."

"अन् तोंड वर करून सांगून राह्यली," सासूबाई म्हणाल्या.

सगळे हसले, मीही हसले. पण माझं हसू ओठाच्या आत गेलं नाही. कारण ती नागपूरला गेली होती ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत. कान ठणकतो म्हणाली, दिराने तिच्या डोक्याला मफलर गुंडाळून तिला मोटरीत बसवलं, आणि डॉक्टरने रोज बोलावलं म्हणून तीन मुक्काम केले. ते तीन दिवस तिच्या वाट्याचं शेण, तिच्या वाट्याचं दूध आणि वेचणीच्या बायांच्या भाकरी माझ्या अंगावर. आल्यावरही चार दिवस तिचा कान जपायचा म्हणून चूल माझ्याकडेच. मी काही बोलले नाही. दुखण्याला काय बोलायचं.

पण ती बोलली. वर्षभर बोलली. एकदम नाही हो, एकदम सांगून टाकलं असतं तर मी ऐकून मोकळी झाले असते. ती थेंबाथेंबानं सांगायची. विहिरीवर दोर ओढताना म्हणायची, "तिथं तोटी फिरवली का पानी, बाई. दोर नाही, बादली नाही." पोरांची डोकी विंचरताना म्हणायची, "तिथं मानसाएवढा आरसा होता. पाय सुद्धा दिसे." खालच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारा बसतो, वर जायला हिरवा जिना आहे, खिडकीतून रेल्वेचा पूल दिसतो, असं सगळं मला तोंडपाठ झालं. मी तिथं न जाता त्या जिन्याच्या पायऱ्या मोजल्यासारखी चढत होते. माझं लग्न तिच्या आधी आठ वर्षं झालं. त्या आठ वर्षांत आमच्या यांनी मला माहेरापलीकडे कुठं नेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी माझी दाढ दुखायला लागली. खरी दुखायला लागली, हे आधीच सांगून ठेवते. लवंग धरली, मीठ धरलं, शेकलं. गाल सुजून डोळ्यापर्यंत आला. त्याच वेळी मळ्यातल्या इंजिनचा एक भाग तुटला आणि तो नागपूरशिवाय मिळणार नव्हता. मामाजी, म्हणजे माझे सासरे, यांना म्हणाले, "हिले घेऊनच जा. दोन कामं एका खेपेत होतील." इंजिन आधी आणि मी मागून, पण निघाले तर खरी.

"उतरान कुठं?" मामाजींनी विचारलं.

"धर्मशाळा आहे ना टेसनाजोळ," हे म्हणाले.

मी पदराआडून सुजलेल्या तोंडानंच बोलले, "धाकटे जिथं उतरले तिथं काहून नाही?"

मामाजी म्हणाले, "त्याले वाटलं तर त्यानं उतराव. त्याच्यासंग बिमार मानूस होतं."

म्हणजे मी बिमार नव्हते. गाल काय मी हौसेनं फुगवला होता का? पण मोठ्यांपुढं तेवढ्यावरच थांबायचं असतं. मनात मात्र ठरवलं, झोपेन तर त्याच लाजेत. एक रात्र का होईना. मग बघू विहिरीवर कोण कोणाला सांगतं.

आता तुम्ही म्हणाल, जावेलाच नाव विचारायचं. दारात उभी होती ती, निरोप द्यायला. मी विचारावं म्हणून थांबलीही होती, तिच्या तोंडावरून दिसत होतं. पण तिच्याकडून पत्ता घेऊन जायचं म्हणजे तिचीच खोली तिच्याकडून उसनी आणल्यासारखं. मी नाही विचारलं. मला सगळं पाठ होतं.

मोटरनं वर्धा, तिथून रेल्वेनं नागपूर. उतरलो तेव्हा दुपार झाली होती. हे सरळ धर्मशाळेकडे निघाले. तिथं फुकट राहता येत होतं, स्वयंपाकाला चूल होती, ओटा स्वच्छ होता, खोटं कशाला बोलू. मी ओट्यावर टेकले आणि म्हटलं, "इथं बायांची न्हाणी उघडी आहे. मी नाही राहात."

न्हाणीला दार होतं. यांनी पाहिलं नाही आणि मी दाखवलं नाही.

मग आम्ही स्टेशनच्या रस्त्यानं चालायला लागलो. हे पुढं ट्रंक घेऊन, मी मागं गालाला फडकं लावून. मी शाळेत गेले नव्हते. अक्षरं शिकले ती पोराच्या पाटीवरून आणि सरकीच्या पोत्यांवरून. त्यामुळं पाट्या वाचायला मला जरा वेळ लागायचा, पण वाचायचे. एका दारावर 'उतरण्याची उत्तम सोय' लिहिलं होतं. आत गेलो तर एका लांब खोलीत बारा खाटा, मधे पडदा. भिंतीवर ढेकूण चिरडल्याचे डाग, ते सुद्धा ओळीनं, जसं कोणी रोज पहाटे तेच काम करत असावं. हे म्हणाले, "स्वस्त आहे." मी म्हटलं, "स्वस्त काहून आहे ते भिंतीवर लिवलं आहे."

तिसऱ्या गल्लीत मला घड्याळवाला दिसला. डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्याच्या शेजारून जिना वर जात होता, हिरवा. रंग उडाला होता, पण हिरवा. दाढेची कळ क्षणभर गेली, एवढा मला आनंद झाला. यांना म्हटलं, "इथं भाव तर इचारा."

वर गल्ल्यावर एक जाडेसे म्हातारे गृहस्थ पंख्यानं वारा घेत बसले होते. भाव ऐकून हे मागं वळायला लागले, तसं म्हातारे म्हणाले, "अरे भाऊ, बसा तर खरं. राजधानी होती तवा या खोल्यांसाठी मानसं जिन्यावर झोपत. आता राजधानी गेली मुंबईले, अन् मी माशा मारून राह्यलो. थोडं कमी करतो." त्यांनी कमी केलं. यांनी अजून कमी करायला लावलं. आणि वही पुढं आली.

वहीत नाव, गाव आणि कशासाठी आले, असे रकाने होते. शेवटच्या रकान्यात यांनी लिहिलं, 'दाढ'. मी उलट्या बाजूनं वाचलं. म्हाताऱ्यांनी वही फिरवून गावाचं नाव पाहिलं आणि त्यांचा पंखा थांबला.

"या गावचे तुम्ही? मंग ते कानवाले तुमचे कोन?"

"भाऊ माहा," हे म्हणाले.

"मागच्या साली ते कान, या साली तुम्ही दाढ. तुमच्या गावात डोक्याखाली काही दुखत नाही काय?" ते स्वतःच खूप हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमची ती जाऊ मफलर गुंडाळून आली होती, अन् डॉक्टरकडून परत आली ते हासतच. कानातून ज्वारीचं कुसळ निघालं. एवढंसं. मी म्हटलं, मंग खोली सोडता का? तर तुमचे दीर म्हन्ले, नाही, अजून दोन दिवस राहू, हिले नागपूर दाखवतो. महाराजबाग पाह्यली, सिनेमा पाह्यला. रोज संध्याकाळी वेणी आणे तिच्यासाठी. लय चांगला मानूस."

मी तिथं उभी होते आणि माझ्या डोळ्यांपुढं त्या बारा-पंधरा बायांच्या भाकरी येत होत्या. पहिल्याच दिवशी कान बरा झालेला. रोज बोलावणारा डॉक्टर वगैरे काही नव्हतंच. मी शेणात हात घालून बसले होते, तेव्हा ती इथं वेणी माळून सिनेमाला चालली होती.

खोलीत आलो. तोटी होती, आरसा होता, पूल होता. मी काहीच पाहिलं नाही. यांना म्हटलं, "ऐकलं ना?"

"त्याचं पयलेपासून तसंच आहे," हे ट्रंक उघडत म्हणाले. "बापाले भेत नाही तो."

बस, एवढंच. मला वाटत होतं की हे चिडतील, नाही तर हसतील. यांनी धोतर काढून खुंटीला लावलं.

खरं सांगते, वाटेत मी जळत होते ती खोलीसाठी. खोली मिळाली आणि ती जळण तिथंच विझायला हवी होती. पण आता ती दुसऱ्याच जागी लागली. तोट्या, आरसे कुठंही असतात. भाडं दिलं की मिळतात. माझ्या जावेच्या नवऱ्याला, तिच्या कानात काही राहिलं नसताना, दोन दिवस तिच्यासाठी थांबावंसं वाटलं. हे कुठल्या वहीत भाव लिहून मिळतं?

त्याच दिवशी दाढ काढली. डॉक्टरनं दुसऱ्या दिवशी दाखवायला सांगितलं, म्हणून दोन मुक्काम झाले. दुसऱ्या दिवशी तोंड पाहून तो म्हणाला, उत्तम आहे, जा आता. इंजिनचा भागही मिळाला. संध्याकाळी हे खाटेवर बसून तो भाग कागदातून काढत होते, फुंकर मारत होते, पुन्हा गुंडाळत होते. मी खिडकीत होते. खाली एक गजरेवाली बसली होती.

मी म्हटलं, "अजून एक दिवस राहू ना आपन."

"कायले?" यांनी मान वर केली. "दाढ तर निघाली."

मी खाली गजरेवालीकडे बघत राहिले. तसं त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि काळजीनं विचारलं, "दुखून राह्यलं का अजून? दुखत असन तर राहू. डॉक्टरले दाखवू पुन्हा."

हे वाईट नव्हते हो. मी नुसतं हो म्हटलं असतं तर राहिले असते. मामाजींचं ऐकून घेतलं असतं, खोलीचं भाडं भरलं असतं. जावेच्या कानासारखी माझीही दाढ एक दिवस खोटी दुखली असती, तर महाराजबागेतला वाघ मीही पाहिला असता. पण मला त्या दिवशी दुखण्यासाठी राहायचं नव्हतं. काही दुखत नसताना यांनी राहू म्हणावं, एवढंच हवं होतं. दिरानं जसं म्हटलं तसं. ते मागून कसं घ्यायचं? मी थोडा वेळ वाट पाहिली. ते माझ्या तोंडाकडे, गाल उतरला का तेच बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "दुखत नाही आता."

"मंग सकाळच्या गाडीनं निघू," हे म्हणाले, आणि त्यांना बरं वाटलं.

घरी आलो त्या संध्याकाळी धाकटी चुलीपुढं होती. सासूबाई उंबऱ्यापाशी तुरीची डाळ निवडत होत्या. मी हातपाय धुऊन आत गेले, तशी ती भाकरी थापताना हळूच म्हणाली, "कुठं उतरल्या, बाई?"

"तिथंच. हिरव्या जिन्याच्या लाजेत."

तिचा हात परातीत थांबला. "गल्ल्यावर कोन होतं?"

"म्हातारे. पंखेवाले."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, तिला दिसलं नाही. "काही म्हनत होते का?" तिनं विचारलं, आणि उंबऱ्याकडे पाहिलं.

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. कुसळ, सिनेमा, वेण्या. सासूबाई चार हातांवर. एक वाक्य मी जरा मोठ्यानं बोलले असते, तर पुढचं वर्षभर तिला विहिरीवर तोंड उघडता आलं नसतं. याच एका दिवसासाठी मी त्या लाजेत गेले होते की नाही?

पण मग मला त्या विहिरीवरच्या बाया दिसल्या. आधी त्या तिला नावं ठेवतील, काय बाई, कानाचं सोंग केलं. आणि दोर ओढता ओढता एखादी म्हणेल, पण नवऱ्यानं ठेवून घेतलं ना दोन दिवस. मग सगळ्या गप्प होतील आणि आपापल्या नवऱ्यांना आठवतील. आणि मग माझ्याकडे वळून विचारतील, तुम्ही किती राहिल्या? नागपूरची तोटी आणि आरसा तिनं सगळ्यांना सांगितला होता. ही एकच गोष्ट तिला सांगता येत नव्हती, आणि ती सगळ्यांत मोठी होती. ती मी माझ्या तोंडानं गावाला सांगू? तिला एवढं सुख मी द्यायचं?

"नाही," मी म्हटलं. "कोन्या गावचे म्हून इचारलं. बाकी काही नाही. भाकर जळून राह्यली."

तिनं भाकरी उलटली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, धुराचं म्हणून तिनं पुसलं. दुसऱ्या दिवसापासून माझी दाढेची जखम भरेपर्यंत तिनं मला शेणाला हात लावू दिला नाही, भाकरी दुधात कुस्करून वेगळी वाढली. मोठ्या बाई मनाच्या फार मोठ्या आहेत, असं ती तेव्हापासून लोकांना सांगते. अजून सांगते. मी समोर असले तर खाली मान घालते, आणि लोकांना वाटतं की मी संकोचले.